‘खास स्त्रियांसाठी’ : एका पौष्टिक वडीचा इतिहास

(काटोल येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक खाण्याच्या वड्यांवर काय बोलणार? पण आम्ही आयुष्यभर एकच काम केलं. लोक जे शब्द सहज वापरतात, ते थांबवून विचारायचं की बाबा, तुझा अर्थ काय? आज असेच दोन शब्द घेऊ : ‘खास स्त्रियांसाठी’. मेडिकलच्या काउंटरवर, मॉलच्या रॅकवर, मोबाइलवरच्या जाहिरातीत हे शब्द दिसतात. एक छोटीशी वडी असते, चकचकीत कागदात गुंडाळलेली. तिला न्यूट्रिशन बार म्हणतात. आत ओट्स असतात, सोयाबीनचं प्रथिन असतं, सुकामेवा असतो, वरून लोह, कॅल्शियम, फॉलिक अ‍ॅसिड घातलेलं असतं. आणि वर लिहिलेलं असतं की ही स्त्रियांसाठी आहे.

ही वडी आली कुठून? अमेरिकेतून, असं कोणीही सांगेल. ते खरंच आहे. पण त्या वडीतला जो सर्वात महत्त्वाचा घटक ‘खास स्त्रियांसाठी’ म्हणून मिरवला जातो, त्याचा शोध अमेरिकेत लागला नाही. त्याचा माग मुंबईच्या परळमध्ये, गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांपर्यंत जातो. आज आपल्याला ती वाट चालायची आहे. आणि शेवटी ती काटोलपर्यंत आणायची आहे.

सुरुवात घरापासून करू. स्त्रीसाठी वेगळं अन्न ही कल्पना आपल्याला नवी नाही. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाचे लाडू, खारीक-खोबरं, सुंठ. बाळंतिणीच्या खोलीत हे सगळं असतं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तर गर्भिणीने कोणत्या महिन्यात काय घ्यावं, याचा महिनावार क्रम दिला आहे. पहिल्या महिन्यात दूध, मग पुढे दुधाबरोबर मध, तूप, लोणी असं ते चढत जातं. म्हणजे स्त्रीच्या शरीराची गरज वेगळी असते आणि ती काळानुसार बदलते, हे आपल्याकडे फार पूर्वी कोणीतरी नीट पाहिलं होतं.

पण यात एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळं अन्न गर्भारपणाला आणि बाळंतपणाला बांधलेलं आहे. लाडू मिळतात ते मूल होणार म्हणून किंवा झालं म्हणून. सव्वा महिना संपला की डबा संपतो. मग ती बाई पुन्हा घरातली शेवटची जेवणारी होते. भांड्यात उरलं ते तिचं. कुमारिकेला लाडू नाही, विधवेला नाही, चाळिशीतल्या बाईला नाही, शेतावर दिवसभर निंदण करणारीला तर नाहीच. लाडवामागे माया होती, यात शंका नाही. पण ती माया बाईवर किती आणि बाळावर किती, हा प्रश्न विचारायला आपण घाबरू नये. परंपरेचा आदर करायचा म्हणजे तिचा हिशेब तपासायचा नाही, असं थोडंच आहे?

आता बाजाराकडे वळू. स्त्रीच्या अशक्तपणावर पैसा मिळवता येतो, हे बाजाराने फार लवकर ओळखलं. 1875 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, लिन नावाच्या गावी, लिडिया पिंकहॅम नावाच्या बाईंनी एक वनस्पतींचा काढा विकायला काढला. स्त्रियांच्या सगळ्या तक्रारींवर एकच औषध. बाटलीवर आणि जाहिरातीत त्या बाईंचा स्वतःचा आजीसारखा चेहरा. जाहिरात सांगे की तुमचं दुखणं डॉक्टर पुरुषाला सांगायला लाज वाटते ना, मग मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा. हजारो बायकांनी लिहिलं. त्या काढ्यात अल्कोहोल चांगलं भरपूर होतं, ही गोष्ट वेगळीच. गंमत अशी की लिडियाबाई 1883 मध्येच वारल्या, आणि ‘मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा’ ही जाहिरात चालूच राहिली. 1905 मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकाने त्यांच्या थडग्याचा फोटो छापला. वाचकांना दाखवलं की तुम्ही जिला पत्र लिहिता ती बाई वीसबावीस वर्षांपूर्वीच गेली आहे. पुढच्याच वर्षी, 1906 मध्ये, अमेरिकेत अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला.

ही हकीकत आम्ही का सांगतो आहोत? बाजाराची युक्ती इथे अगदी उघडी दिसते म्हणून. दुखणं खरं होतं. बायका खरोखरच थकलेल्या होत्या आणि त्यांचं ऐकायला कोणी नव्हतं. बाजाराने ते ऐकलं, हे त्याचं श्रेय. पण ऐकून घेतल्यावर जे दिलं, त्याचा दुखण्याशी संबंध होताच असं नाही. म्हणून दोन प्रश्न कायम वेगळे ठेवा. गरज खरी आहे का, हा पहिला. दिलेली वस्तू त्या गरजेला उत्तर आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं की दुसऱ्याचं आपोआप ‘हो’ येत नाही.

आता मुंबईला जाऊ. साल 1928. लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. वय चाळीस. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम सुरू केलं. प्रश्न असा होता की मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत होता. आपण त्याला आज अ‍ॅनिमिया म्हणतो. रक्तातल्या लाल पेशी कमी होत, आणि ज्या असत त्या नेहमीपेक्षा मोठ्या आकाराच्या असत. कितीतरी बायका त्यात दगावत. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांमध्ये हा आजार ठळक दिसत होता.

आधी अनेकांना वाटलं की हा एखादा जंतू असेल. विल्सबाईंनी शोधायची दिशा बदलली. त्यांनी या बायका काय खातात ते पाहिलं. प्रथिन कमी, फळं आणि भाजीपाला जवळजवळ नाहीच. मग त्यांनी प्राण्यांना तसाच आहार देऊन पाहिला. आणि उपाय शोधताना एक अट मनाशी ठेवली की तो स्वस्त हवा. यकृताचा अर्क तेव्हा पंडुरोगावर दिला जाई, पण तो महाग होता. गिरणीतल्या बाईला तो परवडणार कसा? शेवटी जे लागू पडलं, ते होतं यीस्टचा अर्क, मार्माइट. बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टपासून केलेली, पावाला लावून खायची एक काळपट चिकट वस्तू. तिने त्या बायकांचं रक्त सुधारू लागलं. 1931 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमध्ये असं काय आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या अनोळखी घटकाला लोक ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. पुढे त्याचं नाव ठरलं फॉलिक अ‍ॅसिड.

त्याच मुंबईत, त्याच वर्षी, दुसरी एक गोष्ट घडत होती. जुलै 1928 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती-लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार स्त्रीला विश्रांती मिळावी, हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. 1929 मध्ये तो कायदा झाला. बघा, एका बाजूला प्रयोगशाळेत एक बाई विचारते आहे की या बायकांच्या ताटात काय कमी आहे? दुसऱ्या बाजूला सभागृहात एक माणूस विचारतो आहे की या बायकांच्या दिवसात विश्रांती का नाही? दोन्ही प्रश्न एकाच स्त्रीबद्दलचे आहेत. आमच्या मते हे दोन प्रश्न एकमेकांपासून तोडले गेले, तिथेच पुढचा सगळा घोळ सुरू झाला. कारण ताटातल्या कमतरतेची गोळी करता येते, वडी करता येते, ती विकता येते. विश्रांतीची वडी करता येत नाही.

आता फॉलिक अ‍ॅसिडची पुढची वाट. 1940 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार करण्यात यश आलं. त्या संशोधकांच्या गटाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातला मुलगा. म्हणजे परळच्या बायकांमुळे कळलेली गोष्ट एका भारतीयाच्या हाताखाली, पण अमेरिकेत, कारखान्यात करता येण्याजोगी झाली. मग 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा मोठा अभ्यास आला. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर बाळाच्या पाठीच्या कण्यात आणि मेंदूत होणारं व्यंग पुन्हा होण्याचा धोका 72 टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात दिसलं. 1992 मध्ये अमेरिकी सरकारने शिफारस केली की मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीने रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावं. नुसत्या गरोदर स्त्रीने नव्हे, प्रत्येक स्त्रीने. 1998 पासून तिथे पिठात ते मिसळणं सक्तीचं झालं.

आणि 1999 मध्ये बाजारात आली ‘लूना’.

लूना म्हणजे चंद्र. कॅलिफोर्नियातल्या क्लिफ बार या कंपनीने ती काढली. या वड्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1969 मध्ये पिल्सबरी कंपनीने अंतराळवीरांच्या खाण्यावरून ‘स्पेस फूड स्टिक्स’ काढल्या. 1986 मध्ये ब्रायन मॅक्सवेल नावाच्या मॅरेथॉनपटूने ‘पॉवरबार’ सुरू केला, धावणाऱ्यांसाठी. 1992 मध्ये गॅरी एरिक्सन याने आपल्या वडिलांच्या, क्लिफर्डच्या, नावावरून ‘क्लिफ बार’ काढला, सायकलवाल्यांसाठी. म्हणजे हे खाणं मुळात अंतराळवीर, धावपटू आणि सायकलपटू यांचं. एक क्लिफ बार म्हणजे साधारण 250 कॅलरी. कंपनीतल्याच बायका म्हणू लागल्या की आम्हाला एवढं जड नको, आमच्या गरजेचं काहीतरी करा. मग ‘लूना’ आली. 48 ग्रॅमची वडी, साधारण 180 ते 200 कॅलरी, आणि त्यात लोह, कॅल्शियम, फॉलिक अ‍ॅसिड. स्त्रियांसाठी म्हणून काढलेली ही पहिली न्यूट्रिशन वडी, असं तिचं वर्णन केलं गेलं. ती धडाक्यात खपली.

आता आमचा खरा प्रश्न इथे उभा राहतो. ‘स्त्रियांसाठी’ या शब्दाला अर्थ आहे की ते नुसतं वेष्टन आहे?

अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात खाण्याचंच उदाहरण घेतलं आहे. तो मध्यमाबद्दल बोलतो, म्हणजे अतिरेक आणि उणीव यांच्यामधल्या योग्य जागेबद्दल. तो म्हणतो की गणितातला मध्य सर्वांना एकच असतो, पण माणसाच्या बाबतीत तसं नसतं. मायलो नावाच्या पैलवानाला जे जेवण कमी पडेल, ते नुकत्याच तालमीत आलेल्या पोराला जास्त होईल. मग योग्य किती? तर ज्याचं त्याच्या शरीराला आणि कामाला लागेल तितकं. म्हणजे वेगळं अन्न देणं यात अन्याय नाही. उलट सगळ्यांना एकाच मापाने देणं हाच कधी कधी अन्याय असतो. अमर्त्य सेन यांनीही हेच दुसऱ्या अंगाने मांडलं : वस्तू किती मिळाली यापेक्षा त्या वस्तूतून माणूस काय करू शकतो, काय होऊ शकतो, ते पाहा. गरोदर बाईला आणि तिच्या नवऱ्याला समान भाकरी दिली म्हणजे समता झाली असं होत नाही.

मग फरक खरा कुठे आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या शिफारशी पाहा. प्रौढ पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम लोह, प्रौढ स्त्रीला 29. कारण उघड आहे, दर महिन्याला तिचं रक्त जातं. हा फरक खरा. याच्यावर कोणी ‘स्त्रियांसाठी’ असं लिहिलं, तर ते प्रामाणिक आहे.

पण कागदाचा गुलाबी रंग? तो कोणत्या मिलिग्रॅममध्ये बसतो? ‘कमी कॅलरी’ ही स्त्रीची गरज आहे का? शिडशिडीत दिसणं ही गरज कोणी ठरवली? जिला जास्त लोह हवं तिला कमी खायला सांगायचं, हे कोणतं पोषण? 2015 मध्ये न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने शेकडो वस्तूंची तुलना केली. स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी असलेल्या तशाच वस्तू. स्त्रियांच्या वस्तू सरासरी 7 टक्क्यांनी महाग निघाल्या. म्हणजे ‘खास स्त्रियांसाठी’ या शब्दांचीही किंमत असते, आणि ती किंमत बाईच भरते.

आम्ही एकांगी बोलत नाही. लूनाच्या नावावर एक चांगली गोष्टही आहे. 2019 मध्ये अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघातल्या 23 खेळाडूंना विश्वचषकासाठी निवड झाल्याबद्दल पुरुषांपेक्षा प्रत्येकी 31,250 डॉलर कमी बोनस मिळणार होता. ती सगळी तफावत, म्हणजे 7 लाख 18 हजार 750 डॉलर, लूनाने भरून दिली. जाहिरात होती? होतीच. पण पैसे खरे होते, आणि प्रश्नही खरा होता. एरवी पोषणाची वडी विकणाऱ्या कंपनीला समान वेतनाबद्दल बोलावं लागलं, यातच एक कबुली आहे. बाईचं कमी पडणं नुसत्या खाण्यातलं नसतं. 2022 मध्ये मॉन्डेलीझ या बलाढ्य कंपनीने क्लिफ बारच विकत घेतली, 2.9 अब्ज डॉलरना. ‘स्त्रियांसाठी’ हे शब्द शेवटी ताळेबंदातली एक ओळ झाले.

आपल्याकडे हीच वाट आधी पेयांतून आली. ‘मदर्स हॉर्लिक्स’ होतंच, 2008 मध्ये ‘विमेन्स हॉर्लिक्स’ आलं. हे पाऊल लहान दिसतं, पण लक्षात घ्या, आईवरून बाईवर आलं. जे आपल्या लाडवाने केलं नाही ते बाजाराने केलं. मूल असो नसो, बाई म्हणून तिच्या हाडांची, रक्ताची गोष्ट काढली. याचं श्रेय द्यायला हवं. मग वड्या आल्या, बेंगळुरूच्या, मुंबईच्या कंपन्यांच्या. 2024 मध्ये झायडस वेलनेस कंपनीने मुंबईची नॅचरेल इंडिया, म्हणजे ‘राइटबाइट’वाली कंपनी, 390 कोटी रुपयांना घेतली. त्याच वर्षी केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की अशा पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात दाखवू नका, कायद्यात त्या शब्दाची व्याख्याच नाही. शब्दाचा अर्थ विचारायचं काम कधी कधी सरकारही करतं, हे पाहून आमच्यासारख्या माणसाला बरं वाटतं.

पण या वड्या कोण खातं? जिच्या पर्समध्ये एका वडीसाठी 50 ते 100 रुपये आहेत ती. आणि जिच्या रक्तात लोह कमी आहे ती कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे 2019-21 चे आकडे सांगतात की महाराष्ट्रात 15 ते 49 वयातल्या 54.2 टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया आहे. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा 48 टक्के होता. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढला. देशभरात स्त्रियांमध्ये 57 टक्के, पुरुषांमध्ये 25. आणि ज्या स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वात बिकट, त्यांच्यापैकी कितीजणींनी ही वडी नुसती हातात तरी घेतली असेल? परळच्या गरीब बाईच्या शरीरातून जे ज्ञान निघालं, ते कॅलिफोर्नियाला जाऊन चकचकीत कागदात परत आलं, आणि तिच्या नातीला ते परवडत नाही. विल्सबाईंची अट आठवते ना? उपाय स्वस्त हवा. ती अटच वाटेत कुठेतरी गळून पडली.

‘मग सरकार काय करतं?’ असं तुम्ही विचाराल. सरकारने केलं आहे. 1970 पासून लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या वाटल्या जातात. 2018 च्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ मोहिमेनुसार गरोदर स्त्रीला रोज एक लाल गोळी, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, 180 दिवस. आशाताई ती घरी आणून देतात. विल्सबाईंचा खरा वारसा आम्हाला विचाराल तर ती लाल गोळी आहे. फुकट मिळते, म्हणून तिला कोणी मान देत नाही. मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून बायका ती सोडून देतात. असं का होतं, त्यावर काय करायचं, हे सांगायला त्यांच्यापाशी शांतपणे बसणारं कोणी हवं.

दुसरं, 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्यातून अंगणवाडी आली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला रोज 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिन मिळण्याचा हक्क दिला. बघा, हक्क. तीन लूना वड्यांइतक्या कॅलरी झाल्या. आणि यासाठी 2017 मध्ये ठरलेला दर काय? दर दिवशी, दर बाईमागे, 9 रुपये 50 पैसे.

हे अन्न करायचं कोणी, यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार वापरू नका, गावातले समूह, बचतगट, महिला मंडळं यांना काम द्या. तरी 2016 मध्ये राज्याने काढलेल्या निविदांच्या अटी अशा होत्या की साध्या बचतगटाला त्यात उभंच राहता येऊ नये. वैष्णोराणी महिला बचतगट न्यायालयात गेला. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निविदा रद्द केल्या आणि काम विकेंद्रित करायला सांगितलं. या खटल्याकडे आम्ही तत्त्वज्ञानाच्या नजरेने पाहतो. ‘स्त्रियांसाठी’ अन्न म्हणजे स्त्रियांनी नुसतं खायचं अन्न, की स्त्रियांनी ठरवायचं आणि करायचं अन्न? बाई फक्त लाभार्थी आहे, की कर्तीही आहे?

मोठ्या कारखान्यांच्या बाजूनेही म्हणणं आहे, ते ऐकलं पाहिजे. जीवनसत्त्वं नेमक्या मापात मिसळायला यंत्र लागतं, तपासणी लागते, स्वच्छतेची हमी लागते. खरं आहे. पण बायकांना हे जमणार नाही, असं जर कोणी म्हणालं तर त्याला लिज्जत पापडाची आठवण द्या. 1959 मध्ये गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. आज त्या पापडाच्या चवीत देशात कुठेही फरक पडत नाही. माप, सातत्य आणि स्वच्छता बायकांना शिकवायची नसते. भांडवल, प्रशिक्षण आणि वेळेवर बिल द्यायचं असतं.

आता आपल्या काटोलला येऊ. आपलं गाव संत्र्याचं. आंबिया बहार, मृग बहार हे शब्द इथे लेकरांनाही ठाऊक असतात. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आता विज्ञानाची एक साधी गोष्ट ऐका. डाळी, पालेभाज्या, बाजरी यांत जे लोह असतं, ते शरीर सहज शोषून घेत नाही. त्याच जेवणाबरोबर ‘सी’ जीवनसत्त्व मिळालं, तर ते शोषण वाढतं. आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला, तर ते घटतं. म्हणजे लोहाची वाट उघडणारी किल्ली आपल्या झाडाला लागते. आणि ती किल्ली तोडणाऱ्या, निवडणाऱ्या, पेट्यांत भरणाऱ्या हातांमध्ये किती हात बायकांचे असतात, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

मग आम्ही विचारतो की संत्र्याच्या मोसमात बागेत राबणाऱ्या बाईच्या दुपारच्या डब्याबरोबर एक संत्रं असतं का? की ती भाकर, चटणी खाऊन वर कपभर काळा चहा पिते? बाजारात दर पडला की खराब माल बांधावर फेकला जातो, त्याच बांधावर बसून ती चहा पिते. इथे पोषणाचा प्रश्न वस्तू नसण्याचा नाही. वस्तू समोर आहे. प्रश्न आहे तिच्या ताटाकडे कोणी पाहतं का, हा.

म्हणून शेवटी आमचं म्हणणं असं. घराने बाईला अन्न दिलं ते आई म्हणून. सरकारने दिलं ते लाभार्थी म्हणून. बाजाराने दिलं ते गिऱ्हाईक म्हणून. तिघांनीही काहीतरी दिलं, तिघांचेही उपकार आहेत. पण तिघांच्याही देण्याला एकेक अट आहे. मूल असलं पाहिजे, यादीत नाव असलं पाहिजे, पर्समध्ये पैसे असले पाहिजेत. माणूस म्हणून, काम करणारा, थकणारा, भूक लागणारा माणूस म्हणून, बिनशर्त असं तिच्या ताटात काय पडतं? ‘खास स्त्रियांसाठी’ या शब्दांची खरी परीक्षा तिथे आहे.

ती वडी वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. ज्या मुलीला नागपूरची गाडी पकडायची आहे, जिला घरून डबा मिळत नाही, तिने ती जरूर खावी. फक्त घेताना कागद उलटा करून मागचं बारीक वाचावं. साखर किती, लोह किती, प्रथिन किती. पुढच्या बाजूला काय लिहिलं आहे ते बाजाराचं म्हणणं, मागच्या बाजूला काय लिहिलं आहे ते कायद्याने लिहायला लावलेलं. तत्त्वज्ञानात आम्ही विद्यार्थ्यांना हेच शिकवत आलो की विधान वाचलं की उलटून पुरावा वाचा.

आणि जे संध्याकाळी घरी जाणार आहेत, त्या बंधूंना एक विनंती. आज घरात शेवटी कोण जेवतं ते पाहा. तिच्या वाट्याला भाजी उरली होती का, ते पाहा. बागवान असाल तर उद्या मजूर बायकांच्या जेवणाच्या वेळी एक टोपली संत्री मधोमध ठेवा, आणि चहा तासभर उशिरा द्या. याला निविदा लागत नाही, गुलाबी कागद लागत नाही. लूसी विल्स यांनी परळमध्ये जो प्रश्न विचारला, ही बाई खाते काय, तो विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ. भगिनींचे आधी.